गायी दाखवा

श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यात सहकारी संस्थांचे सचिव एकत्र बसले आणि प्रज्ञा दुशिंगचं नाव निघालं, की कुणीतरी कपाळाला हात लावतोच. बाई वाईट आहे असं मात्र कुणी म्हणत नाही. ती आवाज चढवत नाही, कुणाचा पाणउतारा करत नाही, पुढ्यात आलेला चहा पिते. नाश्त्याच्या बशीला तेवढा हात लावत नाही. अडचण पुढं असते. वह्या आणि पावत्या बघून झाल्या की इतर ऑडिटर शिक्का काढतात. ही चप्पल घालते आणि म्हणते, आता माल बघू. ताळेबंदात ट्रॅक्टर असला तर हिला ट्रॅक्टर बघायचा असतो. खताचा साठा असला तर ती गोडाऊनचं कुलूप काढायला लावते, आणि पोत्यांची थप्पी समोरून बघून तिचं समाधान होत नाही. ती थप्पीच्या मागं जाते, मध्ये पोकळी ठेवलीय का ते बघायला.

प्रज्ञा मूळची बेलापूरची. वडील रंभाजी साखर कारखान्यात होते, जिथं गाडीतला ऊस यंत्रात पडतो त्या गव्हाणीवर त्यांची सगळी हयात गेली. आई भिमाबाई खुरपणीला जायची. कारखान्यावर दरवर्षी ऑडिटची मंडळी यायची तेव्हा गेस्ट हाउसच्या मागं कोंबडी शिजायची, आणि तो वास पार कामगारांच्या चाळीपर्यंत यायचा. रंभाजींना त्याचं फार नवल वाटायचं. जे तपासायला आलेत त्यांनाच ही माणसं जेवू घालतात, मग ते तपासणार काय, असं ते घरी येऊन बोलायचे. लहानपणी कानावर पडलेलं ते बोलणं प्रज्ञाच्या डोक्यात घर करून बसलं. नाश्त्याच्या बशीचं मूळ तिथं आहे.

श्रीरामपूरला बी.कॉम. झाल्यावर तिनं सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका परीक्षा दिली आणि नगरला गहिनीनाथ लोंढे यांच्याकडं हाताखाली राहिली. लोंढे सर त्या काळी जिल्ह्यातले नावाजलेले लेखापरीक्षक होते. काम शिकावं तर त्यांच्याकडं. बँकेतली शिल्लक किती हे संस्थेला विचारायचं नाही, बँकेला पत्र घालायचं आणि उत्तर थेट आपल्या पत्त्यावर मागवायचं, हे त्यांनी शिकवलं. संस्थेनं लिहून दिलेला खुलासा फाइलला जरूर लावावा, पण खुलासा म्हणजे पुरावा नाही, हेही त्यांचंच. पण वय झालं तसे सर मऊ पडले. पाहणीला जाणं बंद झालं. एकदा त्यांनी तिला अहवालात लिहायला सांगितलं की आम्ही गोडाऊनची प्रत्यक्ष पाहणी केली. तिनं विचारलं, कधी केली? सर हसले आणि म्हणाले, सगळे लिहितात. तिनं पेन खाली ठेवलं. त्या महिन्याच्या शेवटी ती श्रीरामपूरला परत आली आणि बसस्टँडच्या मागं, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत तिनं स्वतःच्या नावाची पाटी लावली. नवरा चेतन एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. पाटीचे खिळे त्यानंच ठोकले.

पहिली काही वर्षं छोटी छोटी कामं मिळाली. विकास सोसायट्या, एखादी पाणीवापर संस्था, दोन-चार पतसंस्था. मग एका उन्हाळ्यात तिच्याकडं सोनकुंडच्या महिला दूध उत्पादक संस्थेचं काम आलं.

सोनकुंड हे कोपरगाव तालुक्यात गोदावरीकाठचं गाव. काळी जमीन, कॅनॉलचं पाणी, चहूबाजूंनी ऊस. दारात दोन-तीन गायी नाहीत असं घर सापडणार नाही. संस्था कागदावर बायकांची होती. चेअरमन छबूबाई गव्हाणे, साठीच्या पुढच्या, गुडघ्यांनी थकलेल्या. संचालक मंडळही सगळं बायकांचं. चालवणारा मात्र छबूबाईंचा पुतण्या हनुमंत. त्याला गावात भाऊ म्हणत. संस्थेत त्याला पद कुठलंच नव्हतं, पण त्याच्याशिवाय तिथं पान हलत नव्हतं. गेल्या साली संस्थेनं मोठं धाडस केलं होतं. सरकारी अनुदान आणि बँकेचं कर्ज घेऊन गावाबाहेरच्या माळावर सामुदायिक गोठा बांधला होता आणि त्यात साठ संकरित गायी घेतल्या होत्या. ज्या बायकांकडं जमीन नाही, त्यांना या गोठ्यातून उत्पन्न मिळायचं होतं. तोवर गोठ्याचा हिस्सा म्हणून सगळ्या सभासद बायकांच्या दुधाच्या पगारातून दर पंधरवड्याला कपात चालू होती.

सचिव कल्याण हा तरुण, व्यवस्थित माणूस. त्याचं दप्तर बघून प्रज्ञाला पहिल्या दिवशी बरंच वाटलं. गायींच्या खरेदीच्या पावत्या होत्या, डॉक्टरांचे दाखले होते, विमा होता, प्रत्येक गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर होता. पेंड, मुरघास, औषधं, सगळ्याची बिलं तारीखवार लावलेली. एकही कागद कमी नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र ती उत्पन्नाच्या बाजूवर अडली. पुढून मागून दोनदा चाळलं. मग कल्याणला विचारलं, शेणाचे पैसे कुठं जमा होतात?

कल्याणला प्रश्नच कळला नाही. तिनं सोपं करून सांगितलं. साठ गायी वर्षभर खातायत, त्याची बिलं इथं आहेत. मग त्या शेण टाकत असणार. या भागात उसाला शेणखत मिळत नाही म्हणून लोक वणवण करतात, ट्रॉलीला चांगला भाव आहे. तुमच्याकडं वर्षभरात एकही ट्रॉली विकली गेलेली दिसत नाही. कुणाला फुकट दिलं असेल तर तसा ठराव दाखवा. साठवून ठेवलं असेल तर उकिरडा दाखवा, एव्हाना डोंगर झाला असेल.

कल्याण म्हणाला, भाऊंना विचारून सांगतो. तेव्हाच प्रज्ञानं वही मिटली आणि पत्र लिहिलं. गोठ्याची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे, गायी दाखवा. विमा कंपनीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यालाही तिनं बिल्ल्यांच्या नंबरांबद्दल वेगळी पत्रं घातली आणि उत्तर आपल्या श्रीरामपूरच्या पत्त्यावर मागितलं.

पाहणीची तारीख हनुमंतानं पुढं ढकलली, मग परत ढकलली. गायींना खुरकूत आलीय, बाहेरचं माणूस चालत नाही, असं कारण दिलं. प्रज्ञानं डॉक्टरांचा तसा दाखला मागितला, तेव्हा खुरकूत बरी झाली.

ठरल्या दिवशी सकाळी ती चेतनच्या मोटारसायकलवर माळावर पोचली. गोठा खरोखरच मोठा होता आणि गायींनी भरलेला होता. हनुमंत पांढऱ्या कपड्यांत दारातच उभा. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, मोजा मॅडम, मनाचं समाधान होईस्तोवर मोजा.

ती मोजायला लागली नाही. आधी दावणीच्या कडेनं नुसतीच चालत गेली. ती शेतकऱ्याघरची नव्हती, पण आईबरोबर दुसऱ्यांच्या गोठ्यात शेणघाण काढून मोठी झाली होती. गायी एकमेकींना शिंगं दाखवत होत्या. एका दावणीला रोज राहणारी जनावरं अशी वागत नाहीत. कुणाच्या गळ्यात सुती दावं, कुणाच्या नायलॉनचं, कुणाच्या घुंगरं, एकीची शिंगं तर हौसेनं रंगवलेली होती. फरशी कोरी करकरीत. दाव्याच्या खुंट्याजवळ सिमेंट जरासुद्धा घासलेलं नव्हतं.

तिनं कल्याणकडून यादी घेतली आणि पहिल्या गायीचा कान हातात धरला. बिल्ल्यावरचा नंबर यादीत नव्हता. दुसरीचा नव्हता, तिसरीचाही नव्हता. हनुमंत म्हणाला, बिल्ले गळून पडतात, नवे मारलेत. तिनं विचारलं, सगळ्यांचेच गळले का? आणि नवे मारल्याचा दवाखान्याचा कागद कुठं आहे? तो शोधायला कल्याण ऑफिसकडं धावला.

तेवढ्यात फाटकाशी गडबड झाली. डोक्यावरचा पदर सावरत एक बाई आत आली, दावणीवर नजर फिरवत थेट एका काळ्याबांड्या गायीपाशी गेली आणि तिचं दावं सोडायला लागली. हनुमंतानं तिला दटावलं. तिनं हात थांबवला नाही. ती चांगुणा होती, गावातली विधवा. त्या एका गायीवर तिचं घर चालायचं.

"भाऊ, तुमी म्हनलं दोन तास," ती म्हणाली. "उन्हं वर आली, वासरू वरडतंय घरी. माझी गाय मी नेनार."

हनुमंत हसायचा प्रयत्न करत म्हणाला की बाई जरा भोळी आहे. चांगुणा त्याच्याकडं न बघता गाय घेऊन निघाली. प्रज्ञा तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेली आणि तिला एवढंच विचारलं, आणखी कुणाकुणाच्या गायी इथं आहेत? चांगुणानं मागं वळून दावणीकडं बोट केलं आणि एकेक नाव घेत गेली. ती नावं प्रज्ञानं तिथंच, फाटकाला टेकून लिहून घेतली. चांगुणाला वाचून दाखवली आणि तिचा अंगठा घेतला.

आठ दिवसांत दवाखान्याचं उत्तर आलं. यादीतल्या बहुतेक नंबरांच्या गायी कधीच विकल्या गेलेल्या, काही मेलेल्या, काही दुसऱ्याच तालुक्यातल्या. सोनकुंडच्या संस्थेच्या नावावर एकही गाय नव्हती.

मग माणसं यायला लागली.

आधी लोंढे सरांचा फोन आला. त्यांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, अगं, शेरा टाक की. गोठ्याच्या बाबीखेरीज बाकी हिशेब बरोबर आहेत, असं दोन ओळीत लिही आणि ब वर्ग दे. तुझीही जबाबदारी संपली, त्यांचंही भागलं. प्रज्ञाला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. तिनं त्यांना त्यांचंच शिकवणं ऐकवलं. चूक एका कोपऱ्यात असेल तर तेवढा कोपरा वगळून मत देता येतं. इथं संस्थेचं निम्म्याहून जास्त भांडवल त्या गोठ्यात दाखवलंय, कर्ज त्याच्यावर, अनुदान त्याच्यावर, बायकांची कपात त्याच्यावर.

"सर, साडीला भोक असलं तर रफू करता येतं," ती म्हणाली. "इथं घडी उलगडली तर आत साडीच नाही."

सर म्हणाले, मग तुझं तू बघ.

त्यानंतर हनुमंत स्वतः बेलापूरला आला, तिच्या आईवडिलांच्या घरी. रविवार होता आणि प्रज्ञा माहेरीच होती, हे त्यानं आधीच माहीत करून घेतलं असावं. बरोबर पेढ्यांचा बॉक्स आणि दोन माणसं. रंभाजींनी त्याला खुर्ची दिली, भिमाबाईंनी पाणी आणलं. तो गोड बोलला. तालुक्यात आपल्या शब्दातल्या पंधरा-वीस संस्था आहेत, त्यांची सगळी कामं ताईंकडं द्यायचा विचार आहे. गायी यायच्या राहिल्यात तेवढ्याच, येतील की, पैसा जरा दुसरीकडं फिरतोय. प्रज्ञा म्हणाली, मग तसंच लिहून द्या, पैसा कुठं फिरतोय आणि कुणी फिरवला. तेव्हा त्याचा आवाज बदलला. तो तिच्याशी बोलायचं सोडून रंभाजींकडं वळला.

"बाबा, तुमच्या लोकांना आमी हितपत्तुर पोचवलं," तो म्हणाला. "तरी पोरीला जरा सांभाळून घ्यायची रीत कळंना."

रंभाजी आयुष्यात कुणाला उलट बोलल्याचं प्रज्ञाला आठवत नव्हतं. ते सावकाश उठले, पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि हनुमंताच्या मांडीवर ठेवला.

"आमाला कुनी पोचवलं न्हाई," ते म्हणाले. "आमी चालत आलो. तुमी बी चालायला लागा."

हनुमंत गेला. भिमाबाईंनी दार लावलं आणि लेकीला विचारलं, हा काय करील? प्रज्ञा म्हणाली, माहीत नाही. भीती तिला वाटत होतीच. चेतननं दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीची वेळ बदलून घेतली आणि ती कोपरगावच्या बाजूला निघाली की तो बरोबर जायला लागला.

अहवाल लिहायच्या आधी तिला एक काम करायचं होतं. ती छबूबाईंकडं गेली. चेअरमन म्हणून सगळ्या कागदांवर सही त्यांची होती. घरच्यांनी आजी झोपल्यात म्हणून सांगितलं, पण आजी आतून म्हणाल्या, कोन हाय, येऊ द्या. प्रज्ञा त्यांच्या बाजेशेजारी बसली आणि त्यांनी वर्षभरात सही केलेला एकेक कागद तिनं वाचून दाखवला. त्यातच एक होता, ज्यात चेअरमननी ऑडिटरला लिहून दिलं होतं की साठ गायी संस्थेच्या मालकीच्या असून माझ्या ताब्यात आहेत.

"माझ्या ताब्यात?" छबूबाई म्हणाल्या. "बाई, माझ्या ताब्यात माझं गुडघं बी न्हाईत."

प्रज्ञाला हसू आलं, पण तिनं त्यांना खरं काय ते सांगितलं. सही तुमची आहे. उद्या विचारणा झाली तर आधी तुम्हाला होईल, भाऊंचं नाव यात कुठंच नाही. तुम्हाला माहीत नव्हतं हे मी लिहीन, पण त्यानं तुम्ही सुटालच असं मी म्हणणार नाही, कारण न वाचता सही करणं हीही चूकच. छबूबाई बाजेवर उठून बसल्या. मग त्यांनी विचारलं की आता काय करता येतं. प्रज्ञा म्हणाली, सभा तुम्ही चालवायची असते. तेवढं तुमच्या हातात आहे.

अहवाल तिनं लिहिला. मत प्रतिकूल. हे ताळेबंदपत्रक संस्थेची खरी स्थिती दाखवत नाही, असं पहिल्याच पानावर साध्या मराठीत. वर्ग ड, म्हणजे सगळ्यात खालचा. शिवाय अपहाराचा वेगळा अहवाल सहायक निबंधकांच्या कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली. निबंधकांकडून पुढं काही होवो न होवो, अहवाल सभेपुढं वाचला गेला पाहिजे हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बहुतेक संस्थांमध्ये सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत ऑडिटचा विषय एका दमात उरकतात. अहवाल वाचला असं समजून कायम करण्यात येत आहे, टाळ्या, पुढचा विषय. ज्यांच्यासाठी तपासणी करायची, त्यांच्या कानावर त्यातला एक शब्द जात नाही.

सोनकुंडची सभा मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात होती. बायका सतरंजीवर, हनुमंताची माणसं मागं उभी. प्रज्ञाला नोटीस नव्हती. ती आली आणि पहिल्या ओळीत, चांगुणाशेजारी बसली. हनुमंतानं माइकवरून सांगितलं, सभा सभासदांची आहे, बाहेरच्यांनी बाहेर बसावं. ती उठली.

"ऑडिटरला सभेला हजर राहायचा आणि बोलायचा हक्क कायद्यानं दिलाय," ती म्हणाली. "नोटीसही मला पाठवायची असते. तुम्ही पाठवली नाही, तेही मी निबंधकांना लिहिलंय."

मागून एक-दोन जण ओरडले. कल्याण विषयपत्रिका वाचायला लागला. ऑडिटचा विषय आला तसा हनुमंत म्हणाला, मंजूर, पुढचा घ्या. प्रज्ञानं अहवाल उघडला आणि वाचायला सुरुवात केली. कुणीतरी माइकची वायर ओढली. माइक तिच्या हातात नव्हताच, त्यामुळं बंद पडला तो हनुमंताचा. मागची माणसं पुढं सरकली. चेतन मंडपाच्या खांबाशी उभा होता, तो एक पाऊल पुढं आला.

तेव्हा छबूबाईंनी काठी टेबलावर आपटली. त्या गावात बहुतेकांनी त्यांना कधी सभेत बोलताना ऐकलं नव्हतं.

"हन्या, खाली बस," त्या म्हणाल्या. "ह्या खुर्चीवर तू मला बसवलंस ना? मग आता मी बसलीया. वाच गं बाई, सगळं वाच. हळू वाच, समद्यांना कळू दे."

प्रज्ञानं वाचलं. अवघड शब्द आला की थांबून त्याचा अर्थ सांगितला. प्रतिकूल मत म्हणजे काय, तर ऑडिटर म्हणतोय की या हिशेबावर विश्वास ठेवू नका. गोठ्याची कपात म्हणजे काय, तर न घेतलेल्या गायींसाठी तुमच्या दुधातून घेतलेले पैसे. मंडपात कुजबुज झाली. एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, माझीबी गाय नेल्ती त्या दिशी. मग दुसरी उठली. मग किती उठल्या ते कुणी मोजलं नाही. हनुमंत कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. गोठ्याची कपात त्याच दिवसापासून बंद करायचा ठराव चांगुणानं मांडला. ठराव कसा मांडतात हे तिला माहीत नव्हतं. ती नुसती म्हणाली, आजपासून माझ्या दुधातलं कापायचं न्हाई, आणि छबूबाई म्हणाल्या, लिहा.

पुढचं सगळं सरकारी वेगानं झालं. निबंधक कार्यालयानं फेरतपासणी केली, तीत तेच निघालं. संस्थेवर प्रशासक आला. गुन्हा दाखल झाला, हनुमंताला अटक झाली, महिन्याभरात जामीन झाला. तो आजही कोपरगावात पांढऱ्या कपड्यांत हिंडतो, लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसतो. छबूबाईंचं नाव गुन्ह्यात आलं आणि नंतर त्या फिर्यादीच्या बाजूच्या साक्षीदार झाल्या. कल्याणनं नोकरी सोडली आणि पोलिसांना सगळं सांगून टाकलं.

प्रज्ञाची कामं मात्र गेली. लेखापरीक्षक कोण नेमायचा हे संस्थाच आपल्या सभेत ठरवतात, आणि त्या साली जवळजवळ प्रत्येक सभेत तिच्या जागी दुसरं नाव आलं. खोलीचं भाडं थकलं. चेतन ओव्हरटाइम करायला लागला. ओळखीचे लोक सांगायचे, जरा नमतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं. तिनं त्यांच्याशी वाद घातला नाही आणि पाटीही काढली नाही. बी.कॉम.च्या मुलींचे वर्ग घेतले, दुकानदारांची जीएसटीची विवरणं भरून दिली. मग हळूहळू, तिला न ओळखणाऱ्या ठिकाणांहून बोलावणी यायला लागली. पारनेरकडच्या एका दूध संस्थेचे सभासद एसटी बदलत बदलत श्रीरामपूरला आले. त्यांना आपल्याच चेअरमनचा संशय होता आणि त्यांनी ऐकलं होतं की ही बाई बघितल्याशिवाय सही करत नाही.

खटला कोपरगावच्या कोर्टात उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलांनी तिला बराच वेळ उभं ठेवलं. तुम्ही पशुवैद्य आहात का, गायींच्या जाती ओळखता का, एकसारख्या दिसणाऱ्या जनावरांत तुमची चूक झाली नसेल कशावरून, असे प्रश्न. ती म्हणाली, जाती मला ओळखता येत नाहीत. वकिलांनी कोर्टाकडं अर्थपूर्ण बघितलं. मग तिनं वाक्य पुरं केलं.

"मी गाय ओळखायला गेले नव्हते, साहेब. कानातला नंबर वाचायला गेले होते. वाचता मला येतं."

निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात, ती जाते.

प्रशासकाची मुदत संपल्यावर सोनकुंडच्या बायकांनी नवी निवडणूक केली. चांगुणा संचालक झाली. नव्या मंडळाच्या पहिल्याच सभेत त्यांनी एकमतानं ठराव केला की ऑडिटर म्हणून प्रज्ञाताईंनाच नेमायचं, आणि ते सांगायला पाचजणी टेम्पोत बसून श्रीरामपूरला आल्या. प्रज्ञानं त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. बायका गोंधळल्या. चांगुणाला तर रागच आला. तिला वाटलं, आता आमच्याकडं द्यायला काही नाही म्हणून ही येत नाही.

प्रज्ञानं तिला समजावलं. तुमच्या खटल्यात मी साक्षीदार आहे. तुम्ही माझ्या बाजूच्या आणि मी तुमच्या, हे आता सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी येऊन तुमचे हिशेब चांगले आहेत असं लिहिलं, तर कोण ऐकेल? आणि चुकलेलं असलं तर तुमच्या तोंडावर लिहिताना माझा हात कचरणार नाही, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तपासणारा परका लागतो. ज्याला तुमच्याविषयी माया नाही आणि हनुमंताविषयीही नाही, असा शोधा.

चांगुणा म्हणाली, त्यो बी पेढं खानारा निघाला मग?

मग तुम्ही विचारायचं, प्रज्ञा म्हणाली. सभेत उठायचं आणि विचारायचं, काय काय बघितलं, कुठं जाऊन बघितलं, कुणाबरोबर गेलात. उत्तर मिळेस्तोवर खाली बसायचं नाही. ते तुम्हाला येतं, मी बघितलंय.

चांगुणानं चहाचा कप खाली ठेवला. राग पुरता गेला नव्हता, पण ती ऐकत होती. जाताना जिन्यात थांबून तिनं एक गोष्ट नीट विचारून घेतली. परक्या ऑडिटरचं नाव सभेत सुचवायचं असलं, तर नोटीस निघायच्या आधी द्यायचं की सभेत ऐनवेळी उठून दिलं तरी चालतं? प्रज्ञानं तिला ते सांगितलं. मग पाचहीजणी खाली उतरून टेम्पोत बसल्या आणि संध्याकाळच्या धारांच्या आत पोचायचं म्हणून लगबगीनं निघाल्या.